कृपा आणि सत्कर्म : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचा विचार

भातकुली आणि ऋद्धपूर ही दोन्ही तीर्थस्थाने अमरावती जिल्ह्यातच आहेत. भातकुलीस आदिनाथाचे जैन मंदिर आहे. ऋद्धपूर गोविंदप्रभूंच्या वास्तव्यामुळे महानुभावांना पूज्य झाले. मोक्षाच्या प्रश्नाला या दोन परंपरांनी दिलेली उत्तरे मात्र एकमेकांहून भिन्न आहेत. जैन विचारात तीर्थंकर मार्ग दाखवितो, पण कृपा करून कोणाचे कर्म तोडीत नाही. संवर आणि निर्जरा ज्याची त्यानेच साधावयाची असते. महानुभाव विचारात जीव स्वबळाने बंधमुक्त होत नाही. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे आहे, आणि आचारधर्म ही त्यासाठी जीवाने करावयाची तयारी आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील विश्वास, कृपा व सत्कर्म यांचा वाद म्हणूनच वऱ्हाडातील वाचकाला परका वाटू नये. महाराष्ट्राच्या भूमीत या वादाची अत्यंत बोलकी साक्ष पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात सापडते. हे छोटे पुस्तक त्यांनी १९०७ साली केडगावच्या मुक्तिसदनातून इंग्रजीत प्रसिद्ध केले.

मूळ वाद नव्या करारातलाच आहे. मनुष्य कर्मांनी नव्हे, तर कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे तारला जातो, असे पौल सांगतो; कर्मांवाचून असलेला विश्वास निर्जीव होय, असे याकोब बजावतो. ल्यूथरने १५२२ साली याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हणण्यापर्यंत मजल नेली. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने केवळ विश्वासाचा त्याचा अर्थ नाकारला. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि सत्कर्मे ही तारणाची किंमत नसून त्याचे फळ आहे, या भूमिकेवर बऱ्याच अंशी एकमत झाले. तथापि घोषणापत्राने सिद्धांत जुळतात; किंमत आणि फळ यांतील अंतर एका माणसाच्या आयुष्यात कसे कळून येते, हे आत्मचरित्रातच पाहावे लागते.

रमाबाईंच्या निवेदनाचा आरंभ पुण्याच्या हिशेबाने होतो. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा, उपास, पुराणकथन आणि दानधर्म करीत वर्षानुवर्षे फिरले. जवळचे द्रव्य संपले. दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण यांना नेले. या भागात उपहास नाही. आईवडिलांची निष्ठा लेखिका आदराने सांगते, आणि म्हणूनच त्या निष्ठेला उत्तर न मिळाल्याची व्यथा वाचकाला खरी वाटते.

दुसरा टप्पा इंग्लंडमधला. फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचे काम त्यांनी पाहिले. हे प्रेम कोठून येते, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सिद्धांतामागून कर्म आलेले नाही. दुसऱ्यांच्या सत्कर्माने रमाबाईंना विश्वासाच्या उंबरठ्यावर आणून सोडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तिसरा टप्पा पुस्तकाचे मर्म आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, शारदासदन चालू असताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला परंतु ख्रिस्त मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. पूर्वी तीर्थाटन हे पुण्यसाधन होते. आता धर्ममान्यता आणि लोकसेवा यांनी त्याची जागा घेतली होती. हिशेबाची वही बदलली होती, हिशेब तोच राहिला होता. तारण हे दान आहे असे पटल्यावर त्यांनी तो हिशेब मिटविला.

रमाबाईंच्या चरित्राचे अभ्यासक येथे पुष्कळदा थबकतात. समाजसुधारक रमाबाईंचा ते गौरव करतात आणि १८९१ नंतरच्या रमाबाईंना भाविकतेकडे वळलेल्या समजून बाजूस ठेवतात. वस्तुस्थिती या वाटणीला अनुकूल नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून मुली आणण्याचे काम, १८९८ मधील मुक्तिसदनाची उभारणी, १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या जवळ गेलेली आश्रितांची संख्या, हे सर्व त्यानंतरचे आहे. कर्मावरचा भरवसा सुटल्यावर कर्म आटले नाही, वाढले. याकोबाचा आक्षेप येथे वादाने नव्हे, केडगावच्या स्वयंपाकघराने आणि छापखान्याने निरुत्तर होतो.

पुस्तकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. हे लेखन त्या अनुभवानंतर सोळा वर्षांनी आणि मुक्तिसदनातील १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीनंतर झाले आहे. त्यामुळे आधीच्या रमाबाई केवळ बुद्धीने ख्रिस्ती होत्या, हा निर्णय उत्तरकालीन आहे. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या विवेकाला मान देणारी जी तरुण स्त्री दिसते, तिच्या शोधात विश्वास मुळीच नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

याहून गंभीर प्रश्न शारदासदनाचा आहे. तेथील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळविला जात आहे, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. प्रार्थनेची सक्ती नाही, केवळ दार उघडे आहे, अशी रमाबाईंची बाजू होती. सक्ती नव्हती हे मान्य केले तरी प्रश्न उरतो. जिला दुसरा निवारा नाही, तिला उघडे दारही हाक मारते; आणि अन्नाच्या बदल्यात विश्वासाची अपेक्षा मनात जरी आली, तरी जी किंमत रमाबाईंनी स्वतःसाठी नाकारली ती दुसऱ्याकडून मागितल्यासारखे होते. फुकट मिळालेले दान फुकटच वाटले पाहिजे, हा कृपेच्या सिद्धांताचा निष्कर्ष दात्यालाच अधिक बांधतो. आत्मनिवेदन या निष्कर्षापर्यंत जात नाही. पण त्याची सर्व सामग्री त्यातच आहे.

या पुस्तकाचे मोल त्यामुळे उणावत नाही. सत्कर्म कोणी किती केले याचे मोजमाप इतिहास करू शकतो. ते कशाच्या आशेने केले, हे रमाबाईंनी स्वतःला विचारले आणि उत्तर लपविले नाही. भातकुलीच्या वाटेने जाणाऱ्याला आणि ऋद्धपूरच्या वाटेने जाणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.