नक्षीमागचे हात

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वास्तूंवरील व्याख्याने आणि मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. बहुतेकांची सुरुवात शैलीपासून होते आणि शेवट वास्तुविशारदाशी. बोरीबंदर म्हटले की व्हिक्टोरियन गॉथिक, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, कामाचा आरंभ १८७८. माहिती अचूक, आक्षेप आहे तो पुढच्या मौनाला. तिथली कोरीव पाने-फुले, पशुपक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवले, हे एका वाक्यात उरकले जाते. ते शिकले कसे, पाथरवटाच्या पिढीजात हाताला आराखड्याची शिस्त कशी लागली, हे प्रश्न तसेच राहतात.

नावे हाती लागत नसली, तरी कामाची रीत दगडात उरलेली असते. पोरबंदरचा दगड मऊ, म्हणून बारीक कोरीवकामाला सोयीचा, एवढे सांगितले तरी श्रोता भिंतीजवळ जाऊन पाहू लागतो. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातील कारागिरांच्या छोट्या मृण्मूर्तींपुढेही ‘हा कोण?’ याबरोबर ‘हा घडवला कसा?’ असे विचारावे. हे विचारले नाही, तर ‘इंग्रजांनी बांधलेली मुंबई’ हे अर्धसत्यच आपण मुलांच्या हाती देत राहू.