मापक बिघडला तर? एका गाजलेल्या टिपणाचे परीक्षण

रेडिओ लहरींची शक्ती कशी मोजावी हे सांगणारे लेखन थोडे नाही. परंतु प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या हाताळले गेलेले लेखन म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे टिपण क्रमांक ६४-१. रेडिओ आणि सूक्ष्मलहरींच्या शक्तिमापनाची मूलतत्त्वे हा त्याचा विषय. ते १९७७ मध्ये निघाले आणि १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. कंपनीचा मापन-विभाग पुढे १९९९ मध्ये अ‍ॅजिलेंट व २०१४ मध्ये कीसाइट झाला, तरी टिपणाचा मान कमी झाला नाही. विज्ञान-शिक्षकाने ते वाचावेच, असे आमचे मत आहे. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे आणि तीच उणीव आपल्या प्रात्यक्षिक-वह्यांतही आढळते.

आधी गुण पाहू. ८४८१-ए या संवेदकाच्या जातीचे वर्णन टिपणात फार सुरेख आहे. येणारी रेडिओ शक्ती एका चिमुकल्या रोधकात शोषली जाते, तो तापतो, आणि तापयुग्म त्या तापमान-फरकाचे विद्युत दाबात रूपांतर करते. एका चिपवर प्रत्येकी १०० ओमची दोन तापयुग्मे असतात. रेडिओ लहरींना ती समांतर जोडणीत दिसतात, म्हणजे ५० ओम. एकदिश दाबासाठी तीच एकसर जोडणीत असतात. एक मिलिवॅट शक्तीला सुमारे १६० मायक्रोव्होल्ट दाब मिळतो. एक मायक्रोवॅटला त्याचा हजारावा भाग! म्हणून हा दाब संवेदकातच तुकडे करून प्रत्यावर्ती बनवतात आणि मग वाढवतात. समांतर व एकसर जोडणीचा इतका चांगला दाखला शालेय पुस्तकांत आम्हाला आढळला नाही.

दुसरा गुण अनिश्चिततेच्या विवेचनात आहे. स्रोत व संवेदक यांचे रोध जुळले नाहीत, तर काही शक्ती परत फिरते. समजा, जास्त शक्ती सोसल्यामुळे संवेदकाचा रोध ५० वरून ७५ ओम झाला. परावर्तन गुणांक २५ भागिले १२५, म्हणजे ०.२ होतो, ४ टक्के शक्ती परत जाते. स्रोताचाही गुणांक ०.२ असला, तर मापन याशिवाय सुमारे ८ टक्क्यांनी कमी किंवा जास्त येऊ शकते. हे गणित अकरावीचा विद्यार्थी सहज करील.

आता उणीव. सिन्नरला काही शिक्षकांसह आम्ही हे टिपण वाचत होतो. समोर टाकाऊ म्हणून ठेवलेला याच जातीचा एक संवेदक होता. एका शिक्षकांनी त्याच्या तोंडाशी मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, "परिपथ तुटलाय. गेला हा!" निष्कर्ष स्वाभाविक, पण चुकीचा. आतल्या वाटेवर धारित्र असते. ते एकदिश प्रवाह अडवते. चांगल्या संवेदकातही मल्टिमीटर हेच दाखवील. मग दुसऱ्या शिक्षिकेने विचारले, "मग बिघडलाय की नाही, हे ओळखायचं कसं?" टिपणात याला स्वतंत्र प्रकरण नाही. त्यातला संवेदक नेहमी धडधाकटच असतो.

दुरुस्तीसाठी वेगळी सेवा-पुस्तिका असते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु दोष शोधणे हा मापनशास्त्राचाच भाग आहे. तो केवळ कारागिराकडे सोपवण्याचा विषय नव्हे. त्याचा क्रम असा सांगता आला असता. प्रथम दोष मापकात, केबलमध्ये की संवेदकात, हे ठरवावे. त्यासाठी एका वेळी एकच भाग बदलून चांगला लावावा. मग कोणतीही शक्ती न देता शून्य स्थिर राहते का ते पाहावे. शून्य भटकत असेल तर संशय आतील प्रवर्धकावर किंवा सैल जोडावर जातो. शून्य स्थिर आहे, पण शक्ती दिल्यावर काटा हलत नाही, तर तापयुग्म जळाले असण्याचा संभव मोठा. हा संवेदक १०० मिलिवॅटपर्यंत मोजतो आणि सरासरी ३०० मिलिवॅटपर्यंतच सोसतो. काही वॅट देणारा वॉकीटॉकी मध्ये क्षीणक न घालता जोडला, की तो संपला. जळालेली चिप सांधता येत नाही. ते डोके सबंध बदलावे लागते. सैल जोड मात्र नव्याने डाग देऊन सुधारतो.

सर्वांत फसवा दोष अर्धवट बिघाडाचा. मापकावर ५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचा एक मिलिवॅटचा प्रमाण-स्रोत असतो. संवेदक तिथे जोडून काटा एक मिलिवॅटवर आणण्यासाठी खुंटी फिरवतात. दुखावलेल्या संवेदकालाही ही खुंटी एकवर आणून ठेवते! नंतर उच्च वारंवारतेला, खराब झालेल्या तोंडामुळे, तोच संवेदक कमी शक्ती दाखवू शकतो; आणि मापकावर विश्वासून माणूस प्रक्षेपकाची शक्ती वाढवत नेतो. म्हणून खुंटी दर वेळी किती फिरवावी लागली याची नोंद ठेवावी आणि दोन-तीन वेगळ्या वारंवारतांना चांगल्या संवेदकाशी तुलना करावी. मुका मापक एक वेळ परवडला. आत्मविश्वासाने चुकीचे सांगणारा परवडत नाही.

आपल्या प्रात्यक्षिक-वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने असतात. उपकरणावर शंका घेण्याला रकाना नसतो. उत्तर जुळले नाही, की विद्यार्थी आकडे जुळवतो. एवढ्यासाठी महागडा संवेदक लागत नाही. घट, कळ, तारा आणि छोटा दिवा यांच्या परिपथात शिक्षकांनी मुद्दाम एक दोष लपवावा: आतून तुटलेली तार, गंजलेला स्पर्श किंवा उतरलेला घट. प्रत्येक चाचणीपूर्वी विद्यार्थ्याने लिहावे, "या चाचणीने कोणती शक्यता बाद होईल?" दोष सापडला नाही तरी गुण द्यावेत, शक्यता योग्य क्रमाने बाद केल्या असल्या की पुरे.