मुद्रणाचे वैभव, श्रवणाचे दारिद्र्य

सुरतेनजीकच्या कठोर गावी १८६९ साली जन्मलेल्या भास्करबुवा बखल्यांचे मोठेपण आपण आज केवळ ऐकीव साक्षीवर मानतो. १९११ साली पुण्यास भारत गायन समाज स्थापणाऱ्या आणि ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देणाऱ्या या गायनाचार्याचे १९२२ साली निधन झाले. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे मुद्रण १९०२ सालीच सुरू झाले होते. तरी बुवांचा आवाज कोणत्याही तबकडीवर उरलेला नाही. उलट, त्यांच्यापाशी काही काळ शिकलेल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गुरूचा सूर भूतलावरही राहू नये आणि शिष्येचा सूर ताऱ्यांच्या वाटेला लागावा, इतके अंतर एका मुद्रणाने पडते.

आज हे साधन ज्याच्या त्याच्या खिशात आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या सुरतेच्या भागांतील मराठी वस्त्यांत गणेशोत्सव आला की आरत्या-भजनांच्या मुद्रणांस तोटा नसतो. त्यांमागील भाव निःसंशय निर्मळ आहे. परंतु रसिकाच्या कानाने ऐकू जाता बहुतेकांची तऱ्हा एकच : झांज फाटलेली, अभंगाचे शब्द सभामंडपाच्या घुमाऱ्यात बुडालेले आणि तंबोरा तर जणू वाजलाच नाही.

या दोषाचे खापर स्वस्त यंत्रावर फोडण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. मोबाइल हे मुळात संभाषणाचे यंत्र. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्यातील गोंगाट-निवारणाची समजूत असते. त्यामुळे पंख्याची घरघर आणि तंबोऱ्याचा अखंड षड्ज यांना ते एकाच न्यायाने दडपू पाहते. आवाज आपोआप कमीजास्त करण्याची योजनाही तशीच : हळुवार आलाप ती वर उचलते, पखवाज कडाडताच सारे खाली ओढते. गायकाने जाणून केलेला चढउतार अशा रीतीने सपाट होतो. यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे उपकारच करीत असते. तो उपकार नाकारावयास हवा. म्हणून या दोन्ही सोयी बंद करता येतील असे मुद्रणाचे ॲप निवडावे आणि उच्चतम स्वरालाही मापक शून्याखाली बारा डेसिबलांच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवावी. एकदा फाटलेला सूर मागाहून नीट सांधत नाही.

याहून महत्त्वाचे ते अंतर. गायक आणि यंत्र यांतील अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलांनी उतरतो. मंडपाचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मागल्या रांगेतून हात उंचावून केलेल्या मुद्रणात शब्द हरवतात ते यामुळे. यंत्र गायकापासून दीड-दोन हातांवर, झांजांपासून दूर, घडी घातलेल्या पंचावर ठेवावे आणि त्याचे छिद्र बोटाने झाकू नये. पंखे थांबवावे, यंत्रमागांच्या बाजूची खिडकी लावावी. मूळ मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात जपावे. व्हॉट्सॲपवरून फिरते ती आकसलेली प्रत. आणि कृत्रिम घुमारा तर चुकूनही चढवू नये. देवळाचा घुमारा देवळातच शोभतो.

कोणी म्हणेल, देव भावाचा भुकेला. त्याला डेसिबलांचा हिशेब कशाला? देवाला नसेल, पण पुढच्या पिढीला आहे. धुळे-जळगावकडून सुरतेस आलेल्या वृद्ध भजनकऱ्यांच्या कंठात ज्या चाली आहेत, त्या कोणत्याही पोथीत लिहिलेल्या नाहीत. शब्द छापता येतात. ‘विठ्ठल’ म्हणताना आवाज कोठे थबकतो, ते छापता येत नाही. तो कंठ निमाला की मुद्रण हाच गुरू. त्या गुरूचे उच्चार अस्पष्ट असले तर शिष्य काय शिकणार?

बखलेबुवांच्या वेळी साधन दुर्मीळ होते. आज उणीव आहे ती मुद्रण करण्यापूर्वी दोन क्षण स्तब्ध राहून जागेचा आवाज ऐकण्याची. तेवढे ज्याने केले, त्याचे साधे यंत्रही कृतार्थ झाले.