भिंत फुटत नाही, शिपाई फसतो: एका सँडबॉक्स अहवालाचं वाचन

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय ‘सायबर सिक्युरिटी’ एवढाच ठरलाय, अशा सगळ्यांसाठी आज एक अहवाल वाचू. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा संशोधन गटाने तो १३ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध केला. ॲपलच्या मॅकओएसमधल्या ॲप सँडबॉक्समधून बाहेर निसटण्याची एक वाट त्यात दाखवली आहे. नोंद क्रमांक सीव्हीई-२०२२-२६७०६. अहवाल चांगला आहे, म्हणूनच त्यात काय राहून गेलंय हे बघण्यात अर्थ आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. नेहमीच्या डेस्कटॉपवर तुम्ही जो प्रोग्रॅम उघडता, त्याला साधारणपणे तुमचेच अधिकार मिळतात. तुमचा थिसिस, फोटो, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं त्याला वाचता येतं. सँडबॉक्स म्हणजे त्या प्रोग्रॅमभोवतीचं कुंपण: एवढ्याच फायली, एवढ्याच सेवा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. ॲपलने हे कुंपण २०११ च्या लायन आवृत्तीत आणलं आणि १ जून २०१२ पासून मॅक ॲप स्टोअरसाठी सक्तीचं केलं. विंडोज ८ मध्ये ॲपकंटेनर आला. लिनक्सवर हेच काम फ्लॅटपॅक आणि स्नॅप करतात.

आता अहवालातली युक्ती. मॅकवरचा वर्ड सँडबॉक्समध्ये चालतो. तरी जुन्या सवयी मोडू नयेत म्हणून त्याला एक सवलत आहे: नावाची सुरुवात ‘टिल्ड-डॉलर’ या चिन्हांनी होत असेल, तर ती फाईल त्याला कुंपणाबाहेरही लिहिता येते. पण सँडबॉक्समधून लिहिलेल्या फाईलवर सिस्टीम ‘क्वारंटाइन’चा शिक्का मारते आणि अशी फाईल थेट चालवू देत नाही. संशोधकांनी काय केलं? पायथॉनची एक फाईल लिहिली. मग ‘ओपन’ या कमांडला सांगितलं की पायथॉन सुरू कर आणि या फाईलमधला मजकूर त्याला स्टँडर्ड इनपुटवरून दे. शिक्का पाकिटावर होता. पायथॉनच्या हातात पाकीट आलंच नाही, नुसता मजकूर आला. त्याने तो मुकाट्याने चालवला, तोही कुंपणाबाहेर. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलला कळवलेली ही फट १६ मे २०२२ च्या अपडेटमध्ये बुजवली गेली.

या अहवालातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे फसलेले प्रयत्नही त्यात दिले आहेत. आधी काय करून पाहिलं, ते का अडलं, हे सांगितल्यामुळे शेवटची युक्ती जादू वाटत नाही. त्याआधी इतरांनी काढलेल्या वाटांचाही उल्लेख आहे. आपल्याकडच्या किती पेपरांत हे सापडतं, तुम्हीच बघा.

माझा पहिला आक्षेप ‘एस्केप’ या शब्दावर आहे. हा शब्द ऐकला की कैदी भिंत फोडून पळाला असं चित्र डोळ्यासमोर येतं. इथे भिंतीला टवकासुद्धा उडालेला नाही. सरकारी कचेरी आठवा. साहेबांच्या केबिनमध्ये तुम्हाला जाता येत नाही, पण शिपायाला जाता येतं. तुम्ही शिपायाच्या हातात कागद दिला, त्याने तो आत नेऊन सही करून आणला. नियम तुम्ही मोडला नाही. शिपायानेही, त्याच्या दृष्टीने, मोडला नाही. कुणाच्या वतीने आपण आत जातोय, एवढंच त्याने विचारलं नाही. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये या दोषाला ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ म्हटलं. आपण ‘फसलेला शिपाई’ म्हणू.

या नजरेने बघितलं की सुट्या वाटणाऱ्या घटना एका ओळीत येतात. २०१८ मध्ये ॲडम चेस्टर यांनी वर्डची तीच टिल्ड-डॉलर सवलत वापरून लाँचएजंट्स फोल्डरमध्ये फाईल टाकली. पुढच्या लॉगिनला सिस्टीमनेच ती चालवली. मायक्रोसॉफ्टने त्या फोल्डरमध्ये लिहायला बंदी घातली. २०२० मध्ये पॅट्रिक वॉर्डल यांनी वर्डला एक झिप फाईल लिहायला लावली आणि ती लॉगिन आयटम म्हणून नोंदवली. ती उघडणारं आर्काइव्ह युटिलिटी सँडबॉक्सबाहेरचं, त्याने बंदी असलेलं काम करून टाकलं. २०२२ ला शिपाई बदलला, एवढंच. लिनक्सही सुटलेलं नाही. जानेवारी २०२१ मधल्या सीव्हीई-२०२१-२१२६१ मध्ये फ्लॅटपॅकची पोर्टल सेवा ॲपने दिलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स न तपासता बाहेरच्या कमांडला देत होती.

दुसरा आक्षेप इथेच येतो. मायक्रोसॉफ्टचा अहवाल मागच्या घटना सांगतो, पण त्यांना जोडणारा प्रश्न विचारत नाही: विनंती कुठून आली, हे शिपायांना कळावं म्हणून काय करायचं? शेवटी ‘अपडेट करा’ हा सल्ला येतो आणि स्वतःच्या संरक्षण उत्पादनाकडे बोट जातं. कंपनीच्या अहवालाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नसेलही. पण संशोधकाचं काम तिथून सुरू होतं.

हे नुसतं तांत्रिक नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केलेल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडून तपासून घेतली. ईमेलवरून आलेली फाईल उघडल्यामुळे २०१६ मध्ये नेटवायर हे मालवेअर शिरलं आणि त्यातून कागदपत्रं पेरली गेली, असा निष्कर्ष २०२१ च्या अहवालात आला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. निवाडा न्यायालयाने करायचा आहे. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. ‘ही फाईल कुणी लिहिली?’ या प्रश्नावर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून असू शकतं. कुंपण नसेल, तर प्रत्येक प्रोग्रॅम तुमच्याच हाताने लिहितो. कुंपण असूनही शिपाई फसला, तर खुणा शिपायाच्या उमटतात. २०२२ च्या युक्तीत पायथॉनची पालक प्रोसेस वर्ड नसते, लाँचडी असते. म्हणजे निसटणाऱ्याबरोबर जबाबदारीचा धागाही तुटतो. हे परिमाण मूळ अहवालात नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘सँडबॉक्स अधिक सुरक्षित करणे’ असा गॅप लिहू नका. आरआरसीत पहिल्याच प्रश्नाला अडकाल. त्याऐवजी एक सिस्टीम घ्या. सँडबॉक्समधल्या ॲपला ज्या ज्या बाहेरच्या सेवांशी बोलता येतं, त्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे तीन रकाने: विनंती कुणाची हे तिला कळतं का, कळलं तर ती तपासते का, आणि नोंद कुणाच्या नावावर पडते. फ्लॅटपॅकचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही सुरुवात होईल. यादी अर्धी भरेपर्यंत तुमचा विषय त्यातूनच पुढे येईल.