तसबिरीतील उद्यान

मीरा-भाईंदरच्या एखाद्या सदनिकेत क्लोद मोने याच्या कमळतळ्याची तसबीर टांगली जाते, तेव्हा मूळ चित्रातील नेमके काय त्या भिंतीवर येते? महाराष्ट्रात मुद्रित चित्राची आवड रूढ केली ती राजा रविवर्मा यांच्या, १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या व पुढे मळवलीस हलविलेल्या छापखान्याने. त्या चित्रांचा जीव आकृतीत व कथेत होता. शिळेवरून कागदावर उतरताना रंग भडक झाले, तरी लक्ष्मी ही लक्ष्मीच राहिली. दृक्‌प्रत्ययवादी उद्यानचित्राचे तसे नाही. जिव्हेर्नी येथील आपल्या तळ्याचे व पुलाचे मोनेने १८९९ साली रंगविलेले जे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात जवळून केवळ रंगाचे फटकारे दिसतात. चार पावले मागे सरताच त्यांचे पाणी होते. ही ये-जा हाच त्या चित्राचा आशय होय, आणि गुळगुळीत कागद तीच हिरावून घेतो. (मोनेच्या स्वतःच्या घरी जपानी मुद्राचित्रे भिंतभर होती खरी, परंतु ती मुळातच छापण्यासाठी योजिलेली.) काचेचा दोष निराळा. भाईंदरच्या मिठागरांतील पाण्यावर आभाळ उतरते, तसे ते या तळ्यातही उतरले आहे. त्यावर काच समोरच्या खिडकीचे परके प्रतिबिंब चढविते. आकार घटविण्यास तर कारणच नाही. १८९९ चे हे चित्र मुळात मीटरभरही रुंद नाही. बिनकाचेची, पूर्ण आकाराची प्रत सामान्य भिंतीवर सहज मावते.