आवलीची बाजू

सर्वांत आवडता चित्रपट कोणता, हा प्रश्न बैठकीत निघाला की उत्तरे बहुधा दोन प्रकारची येतात. कोणी आपल्या तारुण्यात पाहिलेल्या चित्रपटाचे नाव सांगतो, तर कोणी जाणकारांनी आधीच मान्य केलेले एखादे प्रतिष्ठित नाव पुढे करतो. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. परंतु दोहोंतही चित्रपटाविषयी थोडे आणि सांगणाऱ्याविषयी अधिक कळते. निवड करायचीच असेल तर तिला काही कसोटी असावी आणि ती कसोटी उघडपणे सांगता यावी, असे मला वाटते.

माझी कसोटी नोकरीतून आलेली आहे. राज्य शासनाच्या महसूल खात्यात जमिनीच्या तंट्यांच्या सुनावण्या घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. ज्या निकालपत्रात हरणाऱ्या पक्षाचे म्हणणे जिंकणाऱ्याच्या म्हणण्याइतकेच नीट मांडलेले असते, तो निकाल टिकतो. जिथे ते उडवून लावलेले असते, तो अपिलात कोसळतो. कलाकृतीचेही असेच असावे. लेखक-दिग्दर्शकाचा कल एका पात्राकडे असायला हरकत नाही, पण त्याने दुसऱ्या बाजूला पुरते बोलू दिले का, हे पाहावे.

या कसोटीवर आपल्या भाषेतील अनेक चांगले चित्रपट पारखता येतात. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. पण त्यात आईच्या बाजूला दुसरी बाजूच नाही, आणि तिची तिथे गरजही नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा १९७९ चा चित्रपट सत्तेच्या वर्तुळाजवळ काम केलेल्या कोणालाही अस्वस्थ करील. परंतु त्यातील जवळजवळ सगळेच एका माळेचे मणी आहेत. त्यांचाच ‘सामना’ मात्र कसोटीला बराचसा उतरतो. विजय तेंडुलकरांच्या लेखणीने आणि निळू फुले यांच्या अभिनयाने हिंदुराव धोंडे पाटलाला त्याचे म्हणणे पूर्णपणे मांडू दिले आहे. तरीही तो दोन बोलक्या पुरुषांचा सामना आहे. जिला वाद घालायला सवडच नाही, अशा बाईची बाजू ज्याने ऐकून घेतली, तो चित्रपट त्याहून चाळीसएक वर्षे जुना आहे. तो म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’.

विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत प्रदर्शित झाला, वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. दामले हे प्रभातचे ध्वनीचे जाणकार आणि फत्तेलाल कलादिग्दर्शक. संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्या सवयीचा मृदूपणा त्यांच्या तुकोबात उतरला आहे. त्यांचे गाणे मैफलीचे वाटत नाही, स्वतःशीच चाललेले वाटते. प्रारंभीच तुकोबांचा अभंग सालोमालो आपल्या नावावर खपवून ताना घेत गातो, तेव्हा हा फरक एकही शब्द न बोलता कानाला कळतो.

परंतु मी हा चित्रपट निवडतो तो तुकोबांसाठी नव्हे, त्यांच्या बायकोसाठी. जिजाई, म्हणजे आवली, आपल्या परंपरेत कजाग म्हणून बदनाम झालेली आहे. कीर्तनकारांनी तिच्यावर हशे पिकवले. संताच्या थोरवीला उठाव यावा म्हणून तिला कर्कश केले गेले. गौरी या अभिनेत्रीने रंगवलेली आवलीही तोंडाळच आहे, पण तिच्या प्रत्येक शब्दामागे हिशेब आहे. घरात दाणा नाही, पोरे उपाशी आहेत आणि धनी मिळकत वाटून मोकळा होतो आहे. ती म्हशीवर जीव लावते, कारण तिच्या संसारात भरवशाची तेवढीच एक आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती पायातले पायताण हाती घेऊन थेट देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते. प्रेक्षक या प्रसंगी हसतो आणि हसता हसता गंभीर होतो, कारण देवाशी इतक्या जवळिकीने भांडायला देव असल्याची खात्रीच असावी लागते. आवलीची भक्ती अशी भांडणातून दिसते आणि दिग्दर्शकांनी तिला तुकोबांच्या भक्तीहून खालची मानलेले नाही.

शिवाजी महाराजांकडून आलेल्या नजराण्याच्या प्रसंगीही हेच घडते. तुकोबांची निरिच्छा आपल्याला पटते आणि आवलीचा संतापही तितकाच पटतो. निरिच्छ माणसाच्या घरात चूल कोणी पेटवायची, हा तिचा प्रश्न चित्रपट टाळत नाही आणि त्याचे सोपे उत्तरही देत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली मागे, पोराबाळांत राहते. तो शेवट जितका सोहळ्याचा आहे तितकाच ताटातुटीचा आहे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. सालोमालोला हा न्याय मिळालेला नाही. तो आरंभापासून अंतापर्यंत निव्वळ दुष्ट आणि हास्यास्पद राहतो. गरुडाच्या विमानाची किमया आजच्या डोळ्यांना भाबडी वाटते. पण चमत्कारांच्या मधल्या जागेत रोजचे जीवन इतके खरे आहे की चमत्कारही त्याच अंगणात घडल्यासारखे वाटतात. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बीज आणि वृक्ष यांविषयीचे पद पुष्कळांना तुकोबांचेच वाटत आले आहे. चित्रपटाने तो काळ आणि ती भाषा किती आत्मसात केली होती, याला आणखी पुरावा नको.

भाषेच्या या मुद्द्याचा आपल्याशी विशेष संबंध आहे. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात, गुजराथेत, तेलंगणात राहिलेल्या आपल्या घराण्यांनी मराठी जपली, पण कोणती? आरत्यांची, पत्रांच्या मायन्याची, हळदीकुंकवाची. पुस्तकातली शुद्ध मराठी आपल्या नातवंडांना थोडीफार येते. मात्र भाजीवाल्याशी घासाघीस करायची, रागवायचे, चिडवायचे तर जीभ आपसूक हिंदीकडे, गुजराथीकडे वळते. आपल्याकडे तुकोबांची भाषा देवघरात राहिली आणि आवलीची भाषा निसटली. मी इंदुरात घरच्या मुलांबरोबर हा चित्रपट पाहतो तेव्हा त्यांना अभंगांचा अर्थ सांगावा लागत नाही, कारण ते पाठ असतात. थांबून समजावावे लागते ते आवलीचे बोलणे. हे उलटे आहे, आणि काळजी करण्यासारखे आहे. जी भाषा भांडणाला कामी येत नाही, ती प्रार्थनेलाही फार दिवस पुरत नाही.

म्हणून आपल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत ‘संत तुकाराम’ अवश्य दाखवावा; पण केवळ एकादशीचे पुण्य म्हणून नव्हे. नंतर मुलांना आवलीचे संवाद म्हणायला लावावे, तिच्या बाजूने बोलायला सांगावे. तुकोबांचा पक्ष घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तिचा वकील होण्याइतकी मराठी ज्या मुलाला आली, त्याची मराठी टिकली असे समजायला हरकत नाही.