रस्ता बांधला, पुढे काय?

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. या 701 किलोमीटरच्या रस्त्यासाठी सुमारे 55 हजार कोटी रुपये खर्च झाले. प्रवासाचे किती तास वाचले, हे आता सर्वांना पाठ आहे. पण राज्याने बांधलेला कोणताही रस्ता किती काळ टिकणार आणि त्याची झीज कोण भरून देणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे.

रस्त्याची झीज हा गणिताचा विषय आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भारलेले ट्रक सतत फिरवून एक ढोबळ नियम हाती आला: झीज ही आसावरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. एका टनाच्या मोटारीच्या प्रत्येक आसावर अर्धा टन भार असतो, तर भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. भार 20 पट, म्हणून झीज 20 चा चौथा घात, म्हणजे 1,60,000 पट! रस्त्याचा प्रकार, पाण्याचा निचरा यांनुसार हा घात बदलतो. पण दिशा बदलत नाही.

आता धोरण पाहा. 2018 साली केंद्र शासनाने चार टायरच्या एकेरी आसाची भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वाढ जेमतेम 13 टक्के. नियमानुसार झीज मात्र सुमारे 1.6 पट. मर्यादा दिल्लीत वाढली, पण राज्यमार्गांवरचे खड्डे बुजवायचे राज्याने आणि गावच्या रस्त्यावरचे जिल्हा परिषदेने. मर्यादा वाढवताना दुरुस्तीची तरतूदही त्याच प्रमाणात वाढायला हवी होती. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या वाहनांचा हिशेब तर वेगळाच.

मोटारींना पथकरात सूट दिली की टाळ्या पडतात. झिजेच्या दृष्टीने ती सूट चूक नाही. पण मोटारी जागा व्यापतात आणि त्यांच्या गर्दीसाठीच रस्ते रुंद करावे लागतात. झिजेचा खर्च एक आणि जागेचा दुसरा. दोन्ही वेगळे मांडल्याशिवाय पथकराची चर्चा शास्त्रीय होणार नाही.

हे सारे शाळेपासून दूर नाही. गावचा रस्ता उखडला की एसटीची फेरी बंद पडते आणि लांबच्या वाडीतली मुलगी घरी बसते.

शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. दहावीच्या वर्गाला हे गणित घाला: वीस टन भार दोन आसांऐवजी चार आसांवर वाटला, तर एकूण झीज किती होईल? उत्तर एक-अष्टमांश येते. जे मुलांना एका तासिकेत कळते, ते अंदाजपत्रकात दिसावे, एवढीच आमची अपेक्षा.